नव्या पालवीचे निदान : पिशवीतील संत्रा-मोसंबीच्या कलमांवरून एक पाठ

झाडाची प्रकृती त्याच्या नव्या पालवीवरून कळते. जुने पान हे झाडाच्या गतकाळाचे दर्शक असते. नवे पान मात्र आज मुळांना काय मिळत आहे, पाणी कसे आहे आणि शेंड्यावर कोणती कीड बसली आहे हे दाखविते. यासाठी नवी पालवी रोगट दिसू लागताच तिचे नीट निरीक्षण करणे हे प्रत्येक रोपवाटिकाधारकाचे, बागायतदाराचे व गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय.

पिशवीतील अथवा कुंडीतील रोपाच्या बाबतीत हे कर्तव्य अधिकच महत्त्वाचे ठरते. शेतातील झाडाची मुळे एका ठिकाणी अन्न न मिळाल्यास दुसरीकडे वळू शकतात. पिशवीतील रोपाचे सर्व जग चार-पाच किलो मातीत सामावलेले असते. तेथील निचरा बिघडला, पाण्यातील क्षार साचले अथवा मुळे कुजू लागली तर रोपाला दुसरी वाट नसते. त्याची तक्रार ते कोवळ्या पानांवाटे करते.

विदर्भात संत्र्याच्या व मराठवाड्यात मोसंबीच्या कलमांची मागणी मोठी असते. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात शेंदूरजना घाट परिसरात तर पन्हेरी तयार करणे हा अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेले कलम शेतकऱ्यास फळ देण्यास चार ते सहा वर्षे लावते. कलम मुळातच रोगट असेल तर हा दोष लागवडीच्या दिवशी दिसत नाही. तो दिसतो तेव्हा शेतकऱ्याची पाच वर्षांची मेहनत, पाणी व पैसा खर्ची पडलेला असतो. म्हणून संत्रा-मोसंबीच्या पिशवीतील कलमांचे उदाहरण घेऊन निदानाची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. ही पद्धत समजली म्हणजे कुंडीतील अन्य झाडांनाही ती थोड्या फरकाने लावता येते.

१. निरोगी नवती प्रथम ओळखावी

रोगट काय हे ठरविण्यापूर्वी निरोगी काय हे माहीत असले पाहिजे. संत्रा व मोसंबी यांची अगदी कोवळी पाने स्वभावतःच फिकट पोपटी, मऊ व किंचित लोंबती असतात. दोन-तीन आठवड्यांत ती पूर्ण आकार घेऊन जाड व गडद हिरवी होतात. केवळ फिकट रंग पाहून घाईने खत अथवा औषध देणे ही सर्वसामान्य चूक आहे. पान पुरते वाढल्यानंतरही ते पिवळेच राहिले तरच त्यास दोष समजावा.

जंबेरी व रंगपूर लिंबू या खुंटांची कोवळी फूट किंचित तांबूस किंवा जांभळट असते. कलमावर अशा रंगाची फूट दिसल्यास ती कोठून निघाली आहे हे पाहावे. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघाली असल्यास तो रोग नसून खुंटाची फूट आहे. ती ताबडतोब काढून टाकावी. तसे न केल्यास खुंट वाढतो, वरचा डोळा उपाशी राहतो आणि शेतकऱ्यास संत्र्याऐवजी जंबेरीचे झाड मिळते.

दाट सावलीत ठेवलेल्या रोपांची फूट लांबट, बारीक व फिकट होते. दोन पानांतील अंतर वाढते. अशा रोपांना खताची नव्हे, प्रकाशाची उणीव असते. थंडीच्या दिवसांत मुळांचे कार्य मंदावल्यामुळेही नवती फिकट दिसते; ऊब वाढताच ती बहुधा आपोआप सुधारते.

२. पहिला प्रश्न : दोष नव्या पानांवर की जुन्या?

झाडाच्या अन्नद्रव्यांपैकी काही द्रव्ये झाडामध्ये एका भागातून दुसऱ्या भागात सहज जाऊ शकतात. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही अशी फिरती द्रव्ये होत. त्यांची टंचाई पडली म्हणजे झाड जुन्या पानांतील साठा काढून नव्या पानांना देते. म्हणून त्यांच्या अभावाची लक्षणे प्रथम खालच्या जुन्या पानांवर उमटतात.

लोह, जस्त, मंगल, कॅल्शियम व बोरॉन ही द्रव्ये एकदा पानात गेली की तेथून फारशी हलत नाहीत. जुने पान आपला वाटा धरून बसते व नवे पान उपाशी जन्मास येते. घरातील कर्त्या माणसाने तिजोरीची किल्ली दिली नाही तर धाकट्यांची जी स्थिती होते, तीच या पानांची होते. यावरून एक सोपा नियम निघतो : खालची पाने हिरवी व शेंडा पिवळा असेल तर युरिया देण्यात काहीही अर्थ नाही. नत्राचा अभाव असता तर खालची पाने आधी पिवळी पडली असती.

३. दुसरा प्रश्न : दोष कोठे व किती रोपांवर?

रोपवाटिकेत शिरताच एकाच रोपावर दृष्टी खिळवू नये. प्रथम सर्व वाफ्यांवरून एक फेरी मारावी आणि दोष असलेल्या रोपांची मांडणी ध्यानात घ्यावी.

सर्व रोपे सारखीच पिवळी असल्यास कारण सर्वांना समान असते. म्हणजे पाणी, माती-खताचे मिश्रण किंवा हवामान. सखल कोपऱ्यातील अथवा गळक्या नळाजवळील रोपेच बिघडली असल्यास निचऱ्याचा संशय घ्यावा. शेताच्या कडेची, वाऱ्याच्या दिशेची रोपे वेडीवाकडी झाली असल्यास शेजारी तणनाशक फवारले होते काय याची चौकशी करावी. ठिकठिकाणी तुरळक रोपे बिघडून हळूहळू संख्या वाढत असल्यास कीड किंवा संसर्गजन्य रोग असण्याचा संभव असतो. एकाच मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून केलेली रोपे तेवढी बिघडली असल्यास दोष डोळ्यांतून आला, असे मानून चौकशी चालवावी. यासाठी कोणत्या वाफ्यात कोणत्या झाडाचे डोळे भरले याची नोंद रोपवाटिकेत असलीच पाहिजे.

४. तिसरा प्रश्न : पानावर कोणी बसले आहे काय?

अन्नद्रव्यांचा विचार करण्यापूर्वी कीड तपासावी, कारण ती डोळ्यांनी दिसते व तिचा निर्णय तेथल्या तेथे होतो. सकाळच्या वेळी दहापट मोठे दाखविणारे भिंग घेऊन कोवळ्या शेंड्याची व पानांच्या खालच्या बाजूची पाहणी करावी.

पाने पोखरणारी अळी (नागअळी) : पानावर चांदीसारख्या चकचकीत नागमोडी रेषा दिसतात व पान आकसून मुरडते. ही अळी कोवळ्या पानातच शिरते. पान जून झाल्यावर तिला शिरकाव मिळत नाही. तिने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जंतू आत जातात, म्हणून पन्हेरीत तिची उपेक्षा करू नये.

सिट्रस सायला : पिवळसर नारिंगी, चपटी पिल्ले शेंड्यावर दाटीने बसून रस शोषतात व पांढरे मेणचट धागे सोडतात. प्रौढ कीड पानावर डोके खाली व पाठीमागचा भाग वर उचलून तिरकी बसते. या बैठकीवरून ती चटकन ओळखता येते. शेंडा वळतो, पाने गळतात. या किडीचे खरे भय रस शोषण्यात नसून ग्रीनिंग रोगाचा प्रसार करण्यात आहे.

मावा : पाने आतल्या बाजूस गुंडाळतात, चिकट स्राव पडतो व मुंग्यांची रांग लागते. मुंग्या वर चढताना दिसल्या की त्यांच्या मागोमाग शेंड्यापर्यंत दृष्टी न्यावी. लिंबूवर्गीय झाडांवरील काळा मावा ट्रिस्टेझा या विषाणुरोगाचा वाहक आहे.

फुलकिडे व कोळी : फुलकिड्यांमुळे पानांवर रुपेरी-करडे ओरखडे उठून कडा वर वळतात व पान चामड्यासारखे होते. कोळ्यांमुळे पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके पडून ते धुळकट दिसते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास हे जीव कागदावर चालताना दिसतात.

कीड आढळली तरी तपासणी येथेच थांबवू नये. एकाच रोपास दोन दुखणी असू शकतात. अशक्त रोपावरील कीड पुष्कळदा मागाहून आलेली असते.

५. चौथा प्रश्न : पिवळेपणाची ठेवण कशी आहे?

कीड नसल्यास पान उजेडाकडे धरून त्यावरील हिरव्या-पिवळ्या रंगाची मांडणी पाहावी.

लोहाचा अभाव : कोवळ्या पानाचा सर्व भाग पिवळा पडतो, परंतु शिरांचे बारीक जाळे हिरवेच राहते, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्याची जाळी विणली आहे. अभाव तीव्र झाल्यास पान पांढरट होते व शेंडा वाळतो. पानाचा आकार आरंभी फारसा बदलत नाही.

जस्ताचा अभाव : पाने लहान, अरुंद व उभी राहतात, दोन पानांतील अंतर घटून शेंड्याशी झुपका बनतो. शिरांच्या दरम्यान पिवळे चट्टे पडतात. हे चट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस साधारण सारखे असतात, ही खूण विशेष लक्षात ठेवावी.

मंगलाचा अभाव : पानाचा आकार नेहमीसारखा राहतो. शिरांलगत रुंद हिरवे पट्टे व मधला भाग फिकट असा देखावा असतो. लोहाच्या अभावासारखी नाजूक जाळी नसते.

बोरॉन व कॅल्शियमचा अभाव : नवी पाने जाड, ठिसूळ किंवा वेडीवाकडी होतात व शेंडा मरतो. बोरॉनच्या अभावी शिरा फुगून बुचासारख्या होतात. बोरॉन अल्प प्रमाणात हितकारक व थोडे अधिक झाल्यास विषारी आहे, म्हणून परीक्षणावाचून ते देऊ नये.

तणनाशकाचा परिणाम : ग्लायफोसेटचे तुषार लागल्यास नवी पाने अरुंद, पट्टीसारखी व झुपक्याने येतात. ती जस्ताच्या अभावासारखी दिसत असल्याने फसगत होते. २,४-डी चा अंश लागल्यास शेंडे पिळवटतात. ज्या पंपाने तणनाशक फवारले त्याच पंपाने पन्हेरीवर औषध फवारले होते काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. रोपवाटिकेसाठी स्वतंत्र पंप ठेवणे हाच यावर खात्रीचा उपाय होय.

६. पाचवा प्रश्न : पिशवीत व मुळांत काय आहे?

पानावर लोहाचा अभाव दिसला म्हणजे मातीत लोह नाही, असा अर्थ होत नाही. आपल्याकडील बहुतेक मातींत लोह भरपूर असते. ते मुळांना घेता येत नाही, ही खरी अडचण असते. त्याची कारणे मुख्यतः तीन होत : मातीत चुनखडी असणे, पाणी जड असणे आणि मुळे गुदमरणे किंवा कुजणे.

(अ) माती : पिशवीतील थोड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावे. फेस आल्यास मातीत मोकळी चुनखडी आहे असे समजावे. आम्ल हाताळताना काळजी घ्यावी. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. मातीचा सामू प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. लिंबूवर्गीय रोपांना साधारण ६ ते ७.५ सामू मानवतो.

(आ) पाणी : ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्यात पांढरी खपली धरते, त्या पाण्यात चुन्याचे क्षार अधिक असतात. शेतात त्याचा परिणाम सावकाश होतो, पण पिशवीत ते रोज थोड्या मातीत साचते व सामू वाढवीत नेते. मातीवर पांढरी पापुद्री दिसणे व जुन्या पानांची टोके आणि कडा करपणे ही क्षार साचल्याची खूण होय.

(इ) मुळे : हा तपास सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा टाळला जातो. बिघडलेल्या दोन व चांगल्या एका रोपाची पिशवी उभी चिरावी आणि मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावी. निरोगी तंतुमुळांची टोके पांढरी व टणक असतात. तपकिरी, मऊ मूळ चिमटीत धरून ओढले असता वरची साल मोज्यासारखी निघून आतील दोरा तेवढा उरला, तर ती फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगकारकामुळे होणारी मूळकूज असण्याचा दाट संशय घ्यावा. सतत ओली माती, आंबूस वास आणि पिशवीची बुजलेली छिद्रे या गोष्टी तिला पोषक असतात. मुळे पिशवीच्या तळाशी वेटोळी झाली असल्यास रोप पिशवीत फार काळ राहिले आहे असे समजावे. असे रोप शेतातही नीट रुजत नाही.

तीन रोपे चिरल्याने होणारे नुकसान अल्प असते. न पाहता हजार रोपांवर केलेली फवारणी त्याहून कितीतरी महाग पडते.

७. ग्रीनिंग रोगाविषयी विशेष सावधगिरी

वरील दोष वेळीच ओळखल्यास दुरुस्त होऊ शकतात. ग्रीनिंग हा रोग मात्र निराळा आहे. त्याचे जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात. रोगट झाडाचे डोळे भरल्याने व सिट्रस सायला किडीमुळे तो पसरतो. रोग जडलेले झाड कोणत्याही खताने किंवा फवारणीने पूर्णपणे बरे होत नाही.

याची लक्षणे जस्ताच्या अभावाशी मिळतीजुळती असतात. फरक ओळखण्यासाठी पूर्ण वाढलेल्या पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजू ताडून पाहाव्या. जस्ताच्या अभावात दोन्ही बाजूंचे चट्टे सारखे असतात. ग्रीनिंगमध्ये ते विषम असतात. एका अर्ध्या भागात जेथे पिवळे तेथे दुसऱ्या भागात हिरवे असते. तसेच एखादीच फांदी पिवळी पडून बाकीचे झाड हिरवे राहते. केवळ डोळ्यांनी अंतिम निर्णय करू नये. प्रयोगशाळेत जनुकीय चाचणीने खात्री करता येते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे किंवा कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागाचे मार्गदर्शन घ्यावे. लहान रोपात रोग पुष्कळ दिवस लक्षणांवाचून राहू शकतो, म्हणून मातृवृक्ष रोगमुक्त असणे व रोपे कीटकरोधक जाळीगृहात वाढविणे हाच खरा बंदोबस्त होय.

हा रोग काय करू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने दिले आहे. तेथे २००५ साली तो आढळला. २००३-०४ च्या हंगामात तेथे सुमारे २४ कोटी २० लक्ष पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १ कोटी ८० लक्ष पेट्यांवर आली. या घसरणीत वादळांचाही वाटा होता, तथापि मुख्य कारण हाच रोग होय. रोगट रोप स्वस्तात विकणारा व ते घेणारा असे दोघेही संपूर्ण गावाच्या बागा धोक्यात आणतात. महाराष्ट्रात फळ रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ साली झाला आहे. परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच, पावती घेऊन कलमे खरेदी करावी.

८. अर्ध्या पानाची कसोटी

लोहाच्या अभावाचा संशय आल्यास सर्व पन्हेरीवर फवारणी करण्यापूर्वी पुढील साधी कसोटी घ्यावी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ताजे हिराकस विरघळवावे. चार-पाच रोपांवरील पिवळी कोवळी पाने निवडून त्यांच्या मध्यशिरेच्या एका बाजूस हे द्रावण कापसाच्या बोळ्याने हलके लावावे. दुसऱ्या बाजूस साधे पाणी लावावे. काम संध्याकाळी करावे व पानांस दोरा बांधून खूण ठेवावी. आठ-दहा दिवसांत द्रावण लावलेली बाजूच हिरवी होऊ लागली तर पानास लोह हवे होते हे सिद्ध झाले. दोन्ही बाजू पिवळ्याच राहिल्या तर कारण अन्यत्र शोधावे. जस्तासाठीही अशीच कसोटी दुसऱ्या पानांवर घेता येते. तिचा परिणाम दिसण्यास काही दिवस अधिक लागतात.

या कसोटीची मर्यादाही समजून घ्यावी. पानात लोह कमी आहे, एवढेच ती सांगते. ते का कमी झाले हे पिशवी चिरूनच कळते.

९. उपाययोजना

उपाय नेहमी मुळाकडून शेंड्याकडे करावे.

(१) निचरा : पिशव्यांची छिद्रे मोकळी करावी, सखल जागेतील पिशव्या उंच वाफ्यावर अथवा खडीच्या थरावर ठेवाव्या. ठरावीक वेळापत्रकाने पाणी न देता बोटाने माती चाचपून वरचा थर सुकल्यावरच द्यावे.

(२) मूळकूज : कुजलेली रोपे पिशवीसह बाहेर काढून नष्ट करावी. ती माती पुन्हा वापरू नये. शेजारील रोपांस शिफारस केलेले बुरशीनाशक लेबलावरील प्रमाणात मुळाशी द्यावे. पुढील हंगामासाठी मातीचे मिश्रण ओले करून उन्हाळ्यात ४ ते ६ आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवावे. डोळा जमिनीपासून उंच भरावा.

(३) पाणी व माती : जड पाण्याऐवजी शक्य तेथे साठविलेले पावसाचे किंवा कालव्याचे पाणी वापरावे. चुनखडीची माती मिश्रणात घेऊ नये. चांगले कुजलेले शेणखतच वापरावे.

(४) सूक्ष्मद्रव्ये : जस्ताचा अभाव असल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व वेगळा विरवून गाळलेला २५ ग्रॅम कळीचा चुना मिसळून नवतीवर फवारावे. लोहासाठी हिराकस याच प्रमाणात चुन्यासह वापरता येते. प्रथम दहा रोपांवर फवारून तीन-चार दिवस वाट पाहावी. पाने न करपल्यास पुढे जावे. फवारणीने पुढील नवती आपोआप सुधारत नाही, म्हणून ती पुन्हा करावी लागते. चुनखडीच्या मातीत मुळाशी लोह देणे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेट उपयोगी पडते. ईडीटीए प्रकारचे चिलेट अशा मातीत टिकत नाही.

(५) किडी : पोखरलेले शेंडे काढून जाळावे. कीड अल्प असताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. प्रादुर्भाव वाढल्यास कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले व लिंबूवर्गीय पिकांसाठी नोंदणी असलेले कीटकनाशकच वापरावे. फवारणी नवती फुटण्याच्या सुमारास करावी, जून पानांवर नव्हे.

१०. एक उदाहरण

समजा, एका रोपवाटिकेत दोन हजार कलमे आहेत व त्यांपैकी सुमारे तीनशे कलमांचे शेंडे पिवळे पडले आहेत. मालकाने खताची कमतरता समजून दोनदा युरिया दिला. पिवळेपणा उलट वाढला. आता कार्यकर्त्याने क्रमाने पाहणी केली. खालची पाने हिरवीच आहेत, म्हणून नत्राचा अभाव नाही. बहुतेक पिवळी रोपे पाण्याच्या टाकीलगतच्या सखल भागात आहेत, म्हणून निचऱ्याचा संशय. भिंगाखाली कीड नाही. पानांवर हिरवी जाळी स्पष्ट आहे, म्हणून लोह. अर्ध्या पानाची कसोटी त्यास दुजोरा देते. पिशवी चिरल्यावर वरची मुळे पांढरी व तळाची तपकिरी आढळली. परंतु साल सुटून येत नाही. म्हणजे मुळे गुदमरली आहेत, अद्याप कुजलेली नाहीत.

येथे निर्णय असा होतो : टाकीची गळती थांबवावी, पिशव्या उंचावर न्याव्या, युरिया बंद करावा आणि तोवर आधार म्हणून लोहाची एक फवारणी द्यावी. केवळ फवारणी केली असती तर आठ दिवस पाने हिरवी दिसली असती, कलमे विकली गेली असती आणि गुदमरलेल्या मुळांचा भुर्दंड खरेदीदारास पडला असता.

याच पाहणीत उंच भागातील पाच रोपांवर विषम चट्टे दिसले. ती पाचही एकाच मातृवृक्षाच्या डोळ्यांची निघाली. ती ताबडतोब वेगळ्या जाळीत ठेवून नमुने तपासणीस पाठवावे, त्या मातृवृक्षाचे डोळे घेणे थांबवावे आणि निकाल येईपर्यंत त्या वाफ्यातील एकही कलम विकू नये. तीनशे पिवळ्या रोपांपेक्षा ही पाच रोपे अधिक धोक्याची आहेत, हे ओळखणे हेच निदानाचे सार होय.

११. ठेवावयाची नोंद

प्रत्येक पाहणीच्या वेळी पुढील गोष्टी वहीत लिहाव्या : तारीख, वाफ्याचा क्रमांक, खुंट व मातृवृक्ष, बिघडलेल्या रोपांची संख्या, दोष नव्या पानांवर की जुन्या, कीड, मुळांची स्थिती, मागील महिन्यात दिलेले पाणी, खत व औषध, आणि केलेला उपाय. पंधरा दिवसांनी तीच रोपे पुन्हा पाहावी. उपायानंतर जुने पिवळे पान हिरवे झाले की नाही यापेक्षा त्यानंतर फुटलेली नवती कशी आहे यावर यश जोखावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. खालची पाने हिरवी व शेंडा पिवळा असताना युरिया का देऊ नये?

२. जस्ताचा अभाव, ग्लायफोसेटचा परिणाम व ग्रीनिंग यांतील फरक कोणत्या खुणांनी ओळखाल?

३. अर्ध्या पानाच्या कसोटीने काय कळते व काय कळत नाही?

४. आपल्या गावातील एका रोपवाटिकेस भेट देऊन एका वाफ्याची नोंद वरील पद्धतीने तयार करा. रोपवाटिकेत वापरले जाणारे पाणी भांड्यात खपली धरते काय, याचीही चौकशी करा.